अर्ध्यावर थांबलेलं प्रात्यक्षिक

"इथंच थांबू या आपण," काजल गभणे म्हणाली आणि खुर्ची किंचित मागं सरकवून तिनं समितीकडं पाहिलं. "माझं प्रात्यक्षिक संपलं." कूलरची घरघर एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. तिच्यासमोरच्या खुर्चीत डॉ. आनंदराव सोनकुसरे बसल्या जागी तसेच बसून राहिले. मानसशास्त्र विभागाचे ते प्रमुख, पण ही खुर्ची प्रमुखाची नव्हती, क्लायंटची होती. समुपदेशक घडवणारा नवा अभ्यासक्रम विभागाला किती तरी वर्षांच्या खटपटीनंतर मिळाला होता, त्यासाठी शिकवणारं एक पद मंजूर झालं होतं, आणि त्या एका पदाच्या मुलाखती सकाळपासून चालल्या होत्या. उमेदवारानं आधी थोडं शिकवून दाखवायचं, मग एका खोट्या क्लायंटशी खरं समुपदेशन करून दाखवायचं. खोटा क्लायंट कोण होणार, असा प्रश्न निघाला तेव्हा आनंदरावांनीच हात वर केला होता. त्यांना ते सोपं वाटलं होतं. नागपूरच्या नंदनवन भागात राहणारा एक निवृत्त बँक अधिकारी त्यांनी मनातल्या मनात रचून ठेवला होता. घरात म्हातारी बहीण, तिचं विसरणं, त्यामुळं याची होणारी चिडचिड. सकाळपासून प्रत्येक उमेदवारासमोर त्यांनी हा अधिकारी तेवढ्याच शब्दांत, तेवढ्याच उसाशांसह उभा केला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत अधिष्ठाता जितेंद्र भुसारींनी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "नाटकात जायला पाह्यजे होतं तुम्ही, आनंदराव!" बहीणच का, बायको का नाही, मुलगा का नाही, हे तेव्हा त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. माणूस रिकाम्या पिशवीत हात घालतो आणि जे हाताला लागतं ते बाहेर काढतो, तसं ते निघालं होतं.

बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून पुण्याहून आलेल्या शोभाताईंनी चष्मा काढला. वयानं आणि मानानं त्या समितीत सर्वांत मोठ्या. "तुमचा वेळ निम्माही संपलेला नाही," त्या काजलला म्हणाल्या. "क्लायंट नुकता कुठं मोकळा होत होता. आणि तुम्ही थांबलात. का?"

"यापुढं मला नेता आलं नसतं, मॅडम. इतक्या लोकांसमोर."

"म्हणजे जमलं नाही, असं समजायचं?"

"तसं समजायला हरकत नाही," काजल म्हणाली, आणि उठताना तिच्या हातातली फाईल निसटून कागद फरशीभर झाले. कूलरच्या वाऱ्यानं त्यातले काही भिंतीपर्यंत गेले. भुसारी अर्धवट उठले, शिपाई धावला, शोभाताईंनीही मान वळवली. सगळ्यांच्या नजरा त्या कागदांमागं गेल्या तेवढ्यात आनंदरावांनी रुमाल काढून डोळे पुसले, नाक पुसलं, रुमाल परत खिशात घातला. त्यांच्याकडं कुणी पाहिलं नाही. फाईल खरंच निसटली होती का, हा प्रश्न त्यांना फार उशिरा पडला.

झालं होतं ते एवढंच, की तिनं एक साधा प्रश्न विचारला होता. आधीच्या उमेदवारांनी विचारलेलं सगळं त्यांना ओळखीचं होतं, कारण ते त्यांनीच वर्गावर्गात शिकवलेलं होतं: तुम्हाला तेव्हा काय वाटतं, हे कधीपासून जाणवतंय, म्हणजे तुम्हाला असं म्हणायचं आहे का. अशा प्रश्नांना बँक अधिकारी सराईतपणे उत्तरं देत होता. काजलनं मात्र विचारलं, "त्या तुम्हाला हाक कशी मारतात?" रचून ठेवलेल्या माणसाकडं याचं उत्तर नव्हतं. आनंदरावांनी उत्तर शोधायला तोंड उघडलं, आणि आतून भलताच कुणी बोलला. "पहिले नावानं बोलवे. आता साहेब म्हणते. मी घरात आलो का उठून उभी राह्यते. म्हणते, बसा ना साहेब, माझा भाऊ येतेच आता." पुढं अजून एक वाक्य होतं, ते आतच राहिलं. समितीच्या टेबलामागं भुसारींनी कौतुकानं मान डोलावली, अभिनय इतका उतरला होता. काजलनं मान डोलावली नाही. तिनं एकदाच त्यांच्याकडं नीट पाहिलं, मग नजर काढून खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडं नेली, म्हणजे पाहणाऱ्या डोळ्यांतली एक जोडी तरी कमी झाली. आणि मग ती म्हणाली, इथंच थांबू या.

ती बाहेर गेली, दार लागलं, चहा आला. आनंदराव क्लायंटच्या खुर्चीतून उठून समितीच्या टेबलाशी आपल्या जागेवर येऊन बसले. चहा त्यांनी ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला. जयवंताबाई, त्यांची थोरली बहीण. गावाकडं, उमरेडच्या घरात तिला सगळे बाईच म्हणत, तेही बाईच म्हणत. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये ती त्यांच्यासोबत राहते, दिवसभर सखूबाई नावाची मदतनीस तिला सांभाळते, तिची आठवण जात चालली आहे, हे विभागात कुणाला ठाऊक नव्हतं. बहीण आली आहे राहायला, एवढंच कधी तरी बोलता बोलता सांगितलेलं. स्मृतीवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. ती कशी घडते, कशी विरते, आधी काय जातं आणि शेवटी काय उरतं, हे त्यांनी फळ्यावर आकृत्या काढून किती तरी पिढ्यांना शिकवलं होतं. म्हणूनच सांगायची लाज वाटली असावी. वैद्याच्या घरात रोग निघाल्यासारखी. की लाज नव्हती, दुसरंच काही होतं? सांगितलं की ते खरं होणार होतं. आज ते खरं झालं होतं, भर समितीत, आणि ते फक्त दोघांनाच कळलं होतं. एक त्यांना स्वतःला, आणि दुसरं काजलला, जी आता बाहेरच्या बाकावर बसून आपण ही नोकरी घालवली असं समजत असणार.

"चला, उरकून घेऊ," भुसारी म्हणाले. "मले तर वाटते हर्षितच. पेपर हायत, परदेशातलं ट्रेनिंग हाय, प्रात्यक्षिकपण काय सफाईनं केलं पोरानं! ते गभणे मॅडम चांगलं शिकवून राहिल्या होत्या, पण काहून थांबल्या मधातच, देव जाणे. चालू तर होतं मस्त."

"अनुभव बराच आहे तिचा," शोभाताई कागद चाळत म्हणाल्या. "खाप्यासारख्या गावात शाळाशाळांतून काम, मग जिल्हा पातळीवर. प्रबंधही बरा आहे. पण ज्या व्यक्तीला क्लायंटच्या रडण्याची भीती वाटते, ती समुपदेशक कशी घडवणार? मी प्रात्यक्षिकाला फार कमी गुण दिलेत, आणि ते मला योग्यच वाटतात."

काजलला भीती वाटली, असं शोभाताईंना दिसलं होतं. आनंदरावांनी टेबलाच्या काचेखालचा विद्यापीठाचा नकाशा पाहिला. हर्षित हुशार मुलगा होता, त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. त्यानं बँक अधिकाऱ्याचं सगळं म्हणणं सुंदर आटोपशीर करून त्याला परत दिलं होतं, आणि बँक अधिकाऱ्याला बरंही वाटलं होतं. काजलच्या जागी आपण असतो तर? आपण थांबलो असतो? मागच्या वर्षी खुशी नावाच्या विद्यार्थिनीनं तास संपल्यावर त्यांना गाठून विचारलं होतं, सर, समोरचा माणूस रडायलाच लागला तर काय करायचं? त्यांनी सांगितलं होतं, शांतता सांभाळायची, त्याला वेळ द्यायचा, भावनेला नाव द्यायला मदत करायची. खुशीनं ते लिहून घेतलं होतं, तरी ती तिथंच उभी होती. पुढं काही विचारायचं होतं तिला. ते त्यांनी विचारू दिलं नव्हतं, पुढचा तास होता. आज उत्तर त्यांना थोडं थोडं दिसत होतं. कुठं रडायला लागलाय ते आधी पाहायचं. कुणासमोर. त्यानं आपल्याला परवानगी दिली आहे का, की नुसता पाय घसरलाय. घसरलेल्या माणसाला आणखी खोल ने, असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय? आणि तिला तर खोल नेण्यातच फायदा होता. आणखी दोन प्रश्न, आणि विभागप्रमुख समितीसमोर ढसढसा रडला असता. असं प्रात्यक्षिक या खोलीत कुणी पाहिलं नसतं. नेमणूक तिथल्या तिथं झाली असती. एवढं तिच्या लक्षात आलं नसेल, असं कसं म्हणायचं. जे हातात आलेलं होतं ते तिनं अलगद खाली ठेवलं आणि वर म्हणाली, जमलं नाही समजा.

असं कुणी तरी त्यांच्यासाठी पूर्वी एकदा केलं होतं. नागपूरच्या वसतिगृहातून पहिल्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते उमरेडला पळून आले होते. तिथली मुलं जेवणानंतर त्यांना पलंगावर उभं करीत आणि बोलायला लावीत. बोल ना, काहीही बोल. त्यांनी 'मले' म्हटलं, 'तुले' म्हटलं की खोली हसायची. आठवडे तसेच गेले, आणि एक दिवस ते नुसती पिशवी घेऊन एसटीत बसले. घरात वडील, नानाजी, हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होते. ते आडवं सूत भरायचा धोटा हातातच धरून थांबले, माग थांबला. "काहून आला रे?" नानाजींनी विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज चढला होता. बाई कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत बसली होती. ती उठली, मधे आली आणि म्हणाली, "भूक लागली असन त्याले. जेऊ द्या, मंग विचारा." त्यांना ताटावर बसवलं, शेजारी बसून वाढलं, आणि वडील ऐकणार नाहीत इतक्या हळू म्हणाली, "सांगावंसं वाटन तवा सांगजो. नाही वाटलं त नको सांगू." चार दिवस राहून ते परत गेले. पुस्तकातल्यासारखी मराठी त्यांनी घोकून घोकून कमावली, इतकी की पुढं नभोवाणीवर भाषणं दिली, आणि ते पलंगावर उभं राहणं कुणालाच कधी सांगितलं नाही. सांगायचं तर बाईलाच, असं मनात होतं. कधी तरी, सावकाश, तिची परवानगी तर होतीच. आणि गेल्या हिवाळ्यात त्यांच्या ध्यानात आलं की आता उशीर झाला. सांगितलं तर ती ऐकेल, मान हलवेल, आणि म्हणेल, अरेरे साहेब, कोणाचा पोरगा हा? प्रात्यक्षिकात आतच राहिलेलं वाक्य हे होतं, की बाईला सांगायचं ठेवलं आणि उशीर झाला.

"आनंदराव, तुमचे गुण द्या ना," भुसारी म्हणाले. "तुम्ही तर समोरच बसले होते. तुम्हाले काय वाटलं?"

बोलायचं म्हटलं तर सोपं होतं. शोभाताईंचं म्हणणं मला पटत नाही, उमेदवाराची निवड परिस्थितीनुसार योग्य होती, असं गुळगुळीत वाक्य तयार होतं, पण ते कुणाला पटलं नसतं. आणि खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते विभागात पसरेल, भुसारी मनानं वाईट नसला तरी पोटात काही ठेवणारा नव्हे. सोनकुसरे सर मुलाखतीत रडले. लोक दयेनं बोलायला लागतील, दारं हळू लावतील. एवढ्या वयात, एवढ्या खुर्च्यांवर बसून झाल्यावर, पुन्हा त्या पलंगावर चढायचं. पण बाहेरच्या बाकावर काजल बसली होती, आणि तिनं त्यांना चढू दिलं नव्हतं. आपण चढायचं ते आपल्या पायांनी, हा फरक होता.

"शोभाताई," ते म्हणाले, "ती घाबरली नाही. तो रोल नव्हता."

"म्हणजे?"

"सुरुवातीला होता. हाक कशी मारतात हे तिनं विचारलं, तिथून पुढं नव्हता. माझी थोरली बहीण आहे. घरी. ती मला ओळखत नाही." आवाज स्थिर ठेवायला त्यांना टेबलाची कड धरावी लागली. "मी नाटक करतोय असं तुम्हा सगळ्यांना वाटलं. माझ्या मते मलासुद्धा तसंच वाटत होतं. तिला कळलं. तिनं आणखी एक प्रश्न विचारला असता तर मी इथं तुमच्यासमोर... म्हणून ती थांबली. स्वतःचं नुकसान करून थांबली. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तिनं दोष आपल्यावर घेतला."

भुसारींनी पेन खाली ठेवलं. त्यांचा नेहमीचा हसरा चेहरा कसानुसा झाला होता. "मले माहीतच नाही, आनंदराव," ते हळू म्हणाले. "इतके दिवस संगं राह्यलो आपण. सांगाचं ना गा." त्यात चहाटळपणा नव्हता, थोडं दुखावलेपण होतं, आणि याची आनंदरावांनी कल्पनाच केलेली नव्हती.

शोभाताई गुणांचा कागद पुढ्यात ओढून म्हणाल्या, "हे सांगितल्यावर तुमचे गुण मला धरता येणार नाहीत. तुम्ही आता तटस्थ नाही."

"नका धरू. मी तेच म्हणणार होतो."

"आणि माझं मत मी तुमच्या सांगण्यावरून बदलणार नाही. तिला परत आत बोलवा."

काजल आत आली. उन्हात बाहेर बसून तिचा चेहरा लालसर झाला होता. शोभाताईंनी तिला बसायला सांगितलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, पण या वेळी चष्मा न लावता. "तुम्ही का थांबलात?"

"मघाशी सांगितलं, मॅडम."

"ते कारण नव्हतं. खरं कारण सांगितलंत तर तुमचा फायदा होईल, असं मी स्वच्छच सांगते."

काजल मांडीवरच्या फाईलकडं पाहत होती. आनंदरावांकडं तिनं चुकूनही पाहिलं नाही, आणि तिचं ते न पाहणं त्यांना खांद्यावर ठेवलेल्या हातासारखं जाणवलं. "त्या खुर्चीवर जे बोललं जातं ते माझं नसतं, मॅडम," ती म्हणाली. "मग ते प्रात्यक्षिक असो की काही. मला नाही सांगता येणार."

"माझी परवानगी आहे," आनंदराव म्हणाले. "मी यांना सांगितलंय सगळं. तुम्ही बोला."

तेव्हा तिनं त्यांच्याकडं पाहिलं. खात्री करून घेतल्यासारखं, थेट, विनासंकोच. मग शोभाताईंकडं वळून म्हणाली, "आधी सर मला ऐकवत होते. मग सांगायला लागले. बोली बदलली, बसणंसुद्धा बदललं. माणूस मला सांगायला लागला की ते माझ्यापाशी राहायला पाहिजे. इथं ते राहणार नव्हतं. बस, एवढंच होतं."

"आणि हे तुम्ही विद्यार्थ्यांना कसं शिकवाल?"

"शिकवता येतं की नाही, मला ठाऊक नाही," काजल म्हणाली. "पण मुलांसमोर मी अशी थांबले तर ती विचारतील, मॅडम, का थांबलात. तुम्ही विचारलंत तसं. ती विचारतील तेव्हा त्यांनाच म्हणायचं, तुम्ही काय पाहिलं ते सांगा. कुणी काहीच पाहिलेलं नसेल. दुसऱ्या खेपेला कुणी तरी पाहील."

शोभाताईंनी चष्मा लावला, पुढ्यातल्या कागदावर आधीचा आकडा खोडला, नवा लिहिला, आणि खोडलेल्या जागी सही केली. आपली चूक सगळ्यांदेखत खोडून तिथं सही करणाऱ्या त्या करड्या बाईबद्दलही आनंदरावांना त्या क्षणी फार आदर वाटला.

निवड काजलची झाली, आनंदरावांचे गुण बाजूला ठेवून झाली. सत्र सुरू झालं तेव्हा ती रुजू झाली, आणि विभागाच्या मागच्या वर्गातून अधूनमधून एक चमत्कारिक शांतता ऐकू येऊ लागली. आधी आनंदरावांना वाटे की तास सुटला, मग दाराच्या काचेतून दिसे की मुलं गोल करून बसली आहेत आणि नुसती एकमेकांकडं पाहत आहेत. एकदा खुशी त्यांच्या खोलीत आली होती, कसल्याशा सहीसाठी, आणि जाता जाता म्हणाली, "सर, मॅडम आम्हाले उत्तरंच नाही देत." तक्रार होती, पण चेहरा खुललेला होता. ते हसले. दारं हळू लावली गेली नाहीत. भुसारींनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. उलट एका रविवारी ते बायकोला घेऊन मनीषनगरला आले, बाईंशी गप्पा मारल्या, आणि बाईंनी त्यांना बराच वेळ आपल्या माहेरचा कुणी समजून उमरेडच्या खबरा विचारल्या. सगळ्या खबरा भुसारींनी खुशाल देऊन टाकल्या.

श्रावणात एका दुपारी आनंदराव काजलच्या खोलीशी गेले. उभ्याउभ्याच म्हणाले, "त्या दिवशी एक वाक्य राहिलं होतं माझं. तुम्हाला वेळ असेल तेव्हा..."

तिनं त्यांना बसायला सांगितलं नाही. ती स्वतःच उठून उभी राहिली. "सर, मला नाही चालणार," ती म्हणाली. "रोज आपण एका टेबलावर चहा घेतो. तुम्ही माझा गोपनीय अहवाल लिहिणार. माझ्याकडं सांगाल तर उद्या माझ्याशी भांडता येणार नाही तुम्हाला, आणि भांडावं तर लागेल." त्यांना नकार झोंबला, आणि पाठोपाठ त्या झोंबण्याखालून काही तरी सैल झालं. हीच ती. नेमणूक झाली म्हणून बदलली नव्हती. "नंदनवनात अंकुश ठवकर म्हणून समुपदेशक बसतात," ती म्हणाली. "विद्यापीठाशी त्यांचा काही संबंध नाही. ते तुम्हाला ओळखत नाहीत. मी फोन करणार नाही, तुम्हीच करा."

फोन करायला त्यांना बरेच दिवस लागले. त्या दिवसांत बाई एकदाच त्यांचं नाव घेऊन बोलली, पण ती खिडकीकडं तोंड करून बोलली होती, त्यामुळं ते आपल्याला होतं की खिडकीला, हे ठरवता आलं नाही. मग एका शनिवारी ते गेले. पहिल्या मजल्यावर साधी खोली, एक टेबलफॅन, दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या. अंकुश ठवकर त्यांच्याहून बराच लहान, जाड भिंगाचा, थोडा थकलेला दिसणारा माणूस होता. त्यानं दार लावून घेतलं, पाणी दिलं, आणि समोर बसला. घाई केली नाही. आनंदरावांना त्याच्या बसण्यातल्या चुका दिसल्या, बरोबर गोष्टीही दिसल्या, आणि मग काही वेळानं दिसायच्या थांबल्या. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"आधी आपली ओळख होऊ द्या," ठवकर म्हणाला. "कोण आपण?"

प्राध्यापक, विभागप्रमुख, डॉक्टर, सगळे शब्द रांगेत येऊन उभे राहिले. त्यातला एकही उचलावा असं वाटेना.

"मी जयवंताबाईचा लहाना भाऊ," आनंदराव म्हणाले.